रेयूनियोंत छोटा धंदा: सरकार काय देतं, आणि मुख्य म्हणजे कधी देतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंदी महासागरातल्या रेयूनियों या फ्रेंच बेटावर साँ-पिएरला राहता. शनिवारच्या बाजारात तुमची चकली, शेव आणि थालीपिठाची भाजणी हातोहात खपते, म्हणून आता स्वतःचं छोटं उत्पादन सुरू करायचंय. यंत्रं ३८,००० युरोंची, हाताशी साठवलेले २०,०००. तुम्हाला कुणी सांगितलं की फ्रेंच सरकार समुद्रापलीकडच्या आपल्या प्रदेशांत धंदा काढणाऱ्याला निम्मा खर्च देतं आणि करही घेत नाही. मॉरिशसची तुमची नणंद म्हणते, हे सगळं कागदावरचं, हातात कवडी पडत नाही.

दोघांचंही अर्धं खरं आहे. मी चौदा वर्षं साँ-दनीत छोट्या धंद्यांचे हिशेब बघते. बेकऱ्या, गॅरेज, केशकर्तनालयं, दोन मच्छीमार, एक मधवाला. मदत भरपूर आहे, पण ती तुम्हाला वाटते त्या रूपात येत नाही. इथलं सरकार पैसे फारसे देत नाही. घ्यायचे ते घेत नाही, किंवा तुम्ही खर्च केल्यावर काही महिन्यांनी परत करतं. हातात आधी पडणारा पैसा जवळपास नसतोच. माझ्याकडची जी दुकानं बंद पडली, त्यांतली निम्मी तरी या एका गैरसमजानं पडली. कागदावर ती नफ्यात होती, बँकेच्या खात्यात खडखडाट होता. (भारतातल्या पीएमईजीपी या स्वयंरोजगार योजनेत अनुदान तीन वर्षं बँकेतच मुदत ठेवीत पडून राहतं, तुमच्या भावाला विचारा. तोच मासला, जरा फ्रेंच थाटात.)

ही मदत मुळात का आहे, ते एका परिच्छेदात. रेयूनियों, ग्वादेलूप, मार्टिनिक आणि फ्रेंच गयाना १९ मार्च १९४६ च्या कायद्यानं फ्रान्सचे जिल्हे झाले, मायोत २०११ साली. कायदा पॅरिसचा, पगार पॅरिसच्या किमान वेतनाप्रमाणे, आणि माल मात्र नऊ हजार किलोमीटरवरून बोटीनं येणारा. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेनं २०२२ मध्ये तुलना केली तेव्हा खाण्यापिण्याच्या वस्तू मुख्य भूमीपेक्षा रेयूनियोंत ३७ टक्के आणि ग्वादेलूपमध्ये ४२ टक्के महाग निघाल्या. बाजारपेठ एवढीशी, गिऱ्हाईक जेमतेम नऊ लाख, कंटेनर यायला महिना-दीड महिना. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या तेव्हा तर विचारूच नका. हा तोटा भरून काढायला करात आणि सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीत सूट, अशी सगळी रचना आहे.

आता तुमच्या कामाचं. सगळ्यात मोठी मदत कोणती, असं विचाराल तर मी यंत्रावरच्या अनुदानाचं नाव घेणार नाही. स्वतंत्र व्यावसायिकाच्या सामाजिक वर्गणीतली पहिल्या चोवीस महिन्यांची माफी, हे माझं उत्तर. आजारपण, पेन्शन, कुटुंबभत्ता यांच्यासाठी फ्रान्समध्ये स्वतंत्र धंदेवाल्याच्या कमाईतला मोठा लचका तोडला जातो. या जिल्ह्यांत नव्यानं धंदा काढणाऱ्याला पहिली दोन वर्षं त्यातल्या बहुतेक भागातून सूट असते, कमाई एका मर्यादेच्या आत असली की झालं. त्यासाठी वेगळी फाइल नाही, मुलाखत नाही, समिती नाही. इथली वसुली करणारी संस्था म्हणजे सेजेसेस. नोंदणी नीट झाली असेल तर ती सूट तिथूनच लागते. तरी लागली का, हे पहिल्या पत्रावर तपासाच. मी दरवर्षी दोन-तीन जणांची चुकलेली नोंद दुरुस्त करून घेते.

पण ही सूट कुणाला, इथे खरी गोम आहे. तुम्ही लिहिलंय की 'ओळखीच्या एकानं कंपनी काढायला सांगितलं, साधी, एकट्याची, अध्यक्ष तुम्हीच'. फ्रान्समध्ये त्या प्रकारच्या कंपनीचा अध्यक्ष कायद्याच्या नजरेत पगारदारासारखा मोजला जातो, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नाही. म्हणजे चोवीस महिन्यांची माफी गेली. दुसऱ्या मैत्रिणीनं सांगितलं 'मिक्रो-आँत्रप्रनर हो, दहा मिनिटांत इंटरनेटवर होतं'. होतं खरं. ही एकट्या धंदेवाल्याची सोपी पद्धत. वर्गणी विक्रीच्या ठराविक टक्क्यानं, या जिल्ह्यांत तो दर मुख्य भूमीपेक्षा कमी, सुरुवातीला आणखी कमी. मसाज करणारी, शिकवणी घेणारी, फोटो काढणारी माणसं माझ्याकडे आली तर मीही तेच सुचवते. तुम्हाला नाही सुचवणार, कारण तुमच्या धंद्यात यंत्र आहे.

यंत्र घेणाऱ्याला इथे उत्पादक गुंतवणुकीवरची करसवलत मिळते. नव्या यंत्राच्या करविरहित किमतीवर, धंदा वैयक्तिक आयकरात असेल तर ३८.२५ टक्के आणि कंपनी करात असेल तर ३५ टक्के. गयाना आणि मायोतला पहिला दर याहून चढा आहे. 'करसवलत' या शब्दानं फसू नका. कर तेवढा लागतच नसेल तर छोट्या धंद्याला उरलेली रक्कम परत मिळते, रोख. तुमच्या ३८,००० वर हिशेब केला तर १४,५३५ युरो. मात्र अट अशी की कर प्रत्यक्ष नफ्यावर, म्हणजे पूर्ण हिशेब ठेवून भरला पाहिजे. मिक्रो पद्धतीत नफा अंदाजानं धरतात, त्यामुळे हे दार बंद. दहा मिनिटांच्या सोयीसाठी साडेचौदा हजार सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. सोडून दिले, हे त्यांना वर्षभरानंतर माझ्या टेबलासमोर बसल्यावर कळलं.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत: वैयक्तिक व्यवसाय, पण पूर्ण हिशेबाचा. वर्षाला हिशेबनिसाचा खर्च येईल, तो मान्य करा. (हिशेबनीसच हे सांगतेय म्हणून हसू नका. आकडे तुमच्यासमोर आहेत.)

याच सवलतीची दुसरी अट तर आणखी मजेशीर. ती उत्पादनाला मिळते. दुकानदारीला नाही, आणि उपाहारगृहाला तर सरसकट नाही, दर्जा मिळवलेली काही उपाहारगृहं सोडली तर. म्हणजे तुम्ही चकल्या पिशवीत भरून विकल्या तर तुम्ही उत्पादक. त्याच चकल्या चार टेबलं मांडून चहाबरोबर दिल्या तर तुम्ही उपाहारगृह. नोंदणीच्या वेळी धंद्याचं वर्णन लिहायचा एक रकाना असतो आणि त्यावरून सांकेतिक क्रमांक मिळतो. लोक तिथे मोठ्या हौसेनं लिहितात: 'भारतीय खाद्यपदार्थ, केटरिंग, विक्री, जेवणावळी'. कारागिरांची नोंदणी बघणाऱ्या कारागीर मंडळातली, अर्ज तपासणारी बाई त्यातलं पहिलं किंवा तिला कळेल ते धरते. तुम्ही एकच लिहा: तिखट फराळी पदार्थांचं उत्पादन. केटरिंग करायचंच असेल तर पुढच्या वर्षी जोडता येतं.

आणि यंत्र नवंच हवं. तुमच्या प्रश्नात राजकोटच्या यंत्राचा उल्लेख आहे. राजकोटचं फरसाणाचं यंत्र उत्तम असतं, माझी तक्रार नाही, पण दोन गोष्टी. 'वापरलेलं, पण चांगल्या स्थितीतलं' असेल तर सवलत शून्य. आणि रेयूनियों हा युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्राचा भाग आहे, त्यामुळे यंत्रावर युरोपीय सुरक्षा-निकषांचं सीई चिन्ह आणि त्याचं रीतसर प्रमाणपत्र लागतं. नुसतं स्टिकर चालत नाही. ते नसेल तर बंदरात अडकेल, आणि समजा सुटलं तरी उद्या आग लागल्यावर विमा कंपनी हात वर करेल.

आता पैसे कधी. समजा यंत्र मार्चमध्ये सुरू झालं. वर्षअखेर डिसेंबरला, विवरणपत्र पुढच्या मे महिन्यात, त्यानंतर कर कार्यालय अर्ज तपासणार, एखादं बिल पुन्हा मागणार. म्हणजे मार्चला गेलेला पैसा यायला सव्वा ते दीड वर्षं धरा. या काळात हप्ते तुमच्या खिशातून. शिवाय यंत्र पाच वर्षं वापरात ठेवावं लागतं. तिसऱ्या वर्षी विकलंत तर सवलत परत करायची.

यंत्र विकणारा तुम्हाला एक दुसरा रस्ता नक्की सांगेल, तो म्हणजे झिरार्दँ. २००३ च्या कायद्याच्या मंत्रीणबाईंच्या नावावरून हे नाव पडलं; १९८६ पासून चालत आलेल्या करसवलतीचाच तो अवतार. पॅरिसमधला एखादा दंतवैद्य आपला आयकर वाचवण्यासाठी काही जणांबरोबर एका भागीदारीत पैसे घालतो, ती भागीदारी तुमचं यंत्र विकत घेते, तुम्हाला किमान पाच वर्षं भाड्यानं देते आणि शेवटी नाममात्र किमतीला तुमच्या नावावर करते. त्याला मिळालेल्या करलाभातला किमान ५६ टक्के, काही प्रसंगी ६६ टक्के वाटा तुमच्यापर्यंत पोचलाच पाहिजे, असा नियम आहे. फायदा असा की सूट सुरुवातीलाच किमतीत दिसते, दीड वर्ष थांबावं लागत नाही. तोटा असा की मध्ये दलाल असतो आणि पाच वर्षं यंत्राचे मालक तुम्ही नसता. सौर पॅनेलांच्या वेळी याचा इतका गैरवापर झाला की २९ सप्टेंबर २०१० पासून सरकारनं सौर प्रकल्प यातून वगळले. कुठे पॅनेल वीजजाळ्याला जोडलीच नव्हती, कुठे होती फक्त कागदावर. माझा अनुभव सांगते. मोठ्या ट्रकला, जेसीबीला झिरार्दँ ठीक बसतं. चाळीस हजारांच्या आतल्या यंत्राला दलालाची फी आणि कागदपत्रं बघता थेट करसवलत बरी. एकाच यंत्रावर दोन्ही घेता येत नाहीत.

मग अनुदान? आहे. रेजियों, म्हणजे इथलं प्रादेशिक सरकार, स्वतःच्या योजना चालवतं आणि युरोपीय प्रादेशिक विकास निधीचा, फेदेरचा, कारभारही तेच बघतं. या बेटांसारख्या 'अतिदूर' प्रदेशांत युरोपचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. वाचलंत ते खरं, पण तो वाटा सार्वजनिक पैशाच्या हिशेबातला आहे. तुमच्या यंत्राच्या ८५ टक्के कुणी देणार नाही. फेदेर हे मोठ्या हॉटेलांचं, कारखान्यांचं काम. बिल भरल्याचा पुरावा, बँकेचा उतारा, काम झाल्याचा दाखला, मग तपासणी, मग पैसे. एका गिऱ्हाइकाला शेवटचा हप्ता मिळेपर्यंत त्याचा मुलगा शाळा संपवून कॉलेजात गेला होता. छोट्या उत्पादकाला रेजियोंची साधी योजना पुरे. आणि लक्षात ठेवा, जेवढं अनुदान मिळेल तेवढी रक्कम, करसवलत ज्या किमतीवर मोजतात, तिच्यातून वजा होते. १०,००० अनुदान मिळालं तर सवलत २८,००० वर, म्हणजे १०,७१०. एकूण फायदा १४,५३५ वरून २०,७१० वर जातो, २४,५३५ वर नाही. यंत्र विकणाऱ्यांच्या तक्त्यात ही वजाबाकी मला अजून दिसलेली नाही.

आणि आता जे सांगते ते भिंतीवर चिकटवा. अनुदानाचा अर्ज आधी, ऑर्डर नंतर. युरोपीय नियमांत मदतीमुळे तुम्ही गुंतवणूक करायला धजावलात, असं दिसावं लागतं. अर्ज पोचण्याआधी ऑर्डर दिली, तर नियम म्हणतो: तुम्ही मदतीशिवायही घेणारच होता. आणि ऑर्डर म्हणजे काय? फ्रान्समध्ये विक्रेता दर लिहून देतो त्या कागदाला 'दव्ही' म्हणतात. त्याखाली 'मान्य' असं लिहून सही केलीत की तो करार झाला. माझ्याकडच्या एका बेकरीवाल्यानं विक्रेत्याच्या आग्रहाखातर सही करून थोडी उचल दिली, 'भट्टी दुसऱ्याला जाईल' म्हणून. अर्जाची पोच तीन दिवसांनंतरची निघाली. तीन दिवसांत बारा हजार युरो गेले. तो अजूनही मला म्हणतो, 'पण मी भट्टी तर आठ महिन्यांनी घेतली!' घेतली कधी याला किंमत नाही, सही कधी केली याला आहे. म्हणून दव्ही मागवा, दोन-तीन मागवा, पण सही कुठेच करू नका. अर्ज टाका, पोच घ्या, तिची तारीख जपून ठेवा. पोच आल्यावर ऑर्डर दिलीत तरी चालतं. मंजुरी येईलच असं मात्र धरून चालू नका.

उधारीच्या बाजूला इथे परिस्थिती खरंच चांगली आहे. 'इनिशिआतिव्ह रेयूनियों' ही संस्था बिनव्याजी, बिनतारण कर्ज देते, तेही धंद्याला नाही, तुम्हाला व्यक्तिशः. नावच 'मानाचं कर्ज'. समितीसमोर बसून आपला धंदा समजावून सांगावा लागतो. समितीत निवृत्त बँकर आणि स्थानिक उद्योजक असतात. त्यांच्यासाठी चकली नक्की न्या. इथल्या माणसांना 'बोंबों पिमां' हा डाळीचा तिखट वडा लहानपणापासून माहीत असतो, त्यामुळे तुमचा माल समजावायला फार श्रम पडणार नाहीत. या कर्जाचा खरा उपयोग असा की बँक ते तुमच्या स्वतःच्या भांडवलासारखं मोजते आणि बाकीचं कर्ज द्यायला तयार होते. त्या कर्जाला बीपीआय फ्रान्स या सरकारी बँकेची हमी जोडता येते. बँकांनी दारच उघडलं नाही तर 'आदी' ही संस्था आहे. मारिया नोवाक यांनी १९८९ मध्ये, बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं काम पाहून, ती काढली. ती छोटी कर्जं देते, व्याज घेते, पण माणूस बघून देते. आणि तुम्ही बेकारभत्त्यावर असाल तर आणखी एक वाट आहे: उरलेल्या भत्त्याच्या ६० टक्के रक्कम दोन हप्त्यांत भांडवल म्हणून मागता येते, अर्धी सुरुवातीला, अर्धी सहा महिन्यांनी. वर म्हटलं ना, आधी हातात पडणारा पैसा जवळपास नसतो. ते 'जवळपास' याच्यासाठी. तुमच्या पत्रात नोकरी सुटल्याचा उल्लेख ओझरता आहे. तो कागद शोधून काढा.

ऑक्त्रुआ द मेरबद्दल तुम्ही विचारलंत. या कराचं मूळ १६७० पर्यंत, मार्टिनिकच्या बंदरात मालाच्या वजनावर लावलेल्या पट्टीपर्यंत जातं. बाहेरून आलेल्या मालावर तो बसतो आणि त्यातून इथल्या नगरपालिका चालतात, त्यामुळे तो रद्द करा म्हणणारे पुढारी निवडून आल्यावर गप्प होतात. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयानं लग्रो खटल्यात आक्षेप घेतला, की एकाच संघातल्या मालावर असा आयात कर कसा? मग स्थानिक उत्पादनावरही कर लावायचा, पण दर कमी ठेवायचा किंवा माफ करायचा, असा तोडगा निघाला. सध्याची युरोपीय परवानगी २०२७ अखेरपर्यंत आहे. वर्षाची विक्री ५,५०,००० युरोंच्या आत असेल तर तुमच्या उत्पादनावर हा कर नाही; तुमच्या पल्ल्यात तो प्रश्नच नाही. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. कर लागत नाही, म्हणून कच्च्या मालावर भरलेला ऑक्त्रुआ वजाही करता येत नाही. बेसन, हरभराडाळ, पिशव्या, सगळ्यांवर तो बसणार आणि तुमच्या खर्चात मुरणार. काही उद्योगांच्या कच्च्या मालाला आणि यंत्रांना रेजियोंनं आयातीच्या वेळीच सूट दिलेली असते. तुमचा सांकेतिक क्रमांक त्या यादीत येतो का, हे सीमाशुल्क कार्यालयात कंटेनर निघण्यापूर्वी विचारायचं, आल्यावर नाही. व्हॅट मात्र इथे सुखाचा: साधा दर ८.५ टक्के, खाद्यपदार्थांना २.१. मुख्य भूमीवर साधा दर २० आहे.

पहिला नोकर ठेवाल तेव्हा लोदेओम कामाला येईल. २००९ च्या कायद्यावरून त्या सवलतीचं नाव. किमान वेतनाच्या आसपासच्या पगारावर मालकाच्या वाट्याची वर्गणी जवळजवळ शून्य होते. त्याच वर्षी ग्वादेलूपमध्ये महागाईविरुद्ध ४४ दिवसांचा संप झाला होता, त्या धगीत हा कायदा आला. आकडे दर अर्थसंकल्पात हलतात. २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी पॅरिसनं सूट आवळायचा घाट घातला तेव्हा इथले मालक एकमुखानं ओरडले. म्हणून तीन वर्षांचं गणित आजच्या सवलतीवर मांडू नका.

सरकार गिऱ्हाईक म्हणून कसं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कधीतरी शाळेच्या खानावळीतून किंवा नगरपालिकेच्या समारंभासाठी मागणी येईलच. २०१७ च्या कायद्यानं इथल्या सार्वजनिक संस्थांना प्रयोग म्हणून आपल्या कंत्राटांचा एक तृतीयांशापर्यंत वाटा स्थानिक छोट्या उद्योगांसाठी राखायची मुभा दिली होती. कल्पना चांगली. पण कंत्राट मिळणं आणि पैसे मिळणं वेगळं. नगरपालिकेनं ३० दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. उशीर झाला तर ४० युरो ठोक आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज, तेही न मागता. माझ्या एका केटरिंगवाल्या गिऱ्हाइकाचं एका नगरपालिकेकडचं बिल सात महिने अडकलं. व्याज मागू का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, 'मॅडम, मग पुढचं काम कोण देईल?' या एका वाक्यामुळे तो नियम बेटावर झोपलेला असतो. तुम्ही एवढं करा: सरकारी बिल फक्त कोरूस प्रो या संगणकीय खिडकीतूनच पाठवा. ते बंधनकारकच आहे, आणि तिथे बिल कोणत्या दिवशी पोचलं, कोणी नाकारलं, सगळं दिसतं. ऑर्डरचा क्रमांक घेतल्याशिवाय एक पिशवीही देऊ नका. आणि पहिल्या वर्षी सरकारी विक्री एकूण विक्रीच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नका. हा माझा ढोबळ नियम, कायद्यात कुठे नाही.

वादळाचं बोलायलाच हवं. २८ फेब्रुवारी २०२५ ला गारान्स आलं तेव्हा माझ्या अकरा गिऱ्हाइकांचे पत्रे उडाले. वर्गणीचे हप्ते पुढे ढकलून मिळाले, कराचेही. त्याआधी अडीच महिने, १४ डिसेंबर २०२४ ला, शीदोनं मायोत झोपवलं होतं; तिथे तर वर्गणीची वसुली थांबवायला संसदेला वेगळा तातडीचा कायदा करावा लागला. पण हप्ते पुढे जाणं म्हणजे माफ होणं नव्हे. आणि विमा काढण्यासारख्या गोष्टीचा विमाच काढला नसेल तर आपत्ती निधी त्याची भरपाई करत नाही. वीज जाऊन तीन आठवडे उत्पादन बंद पडलं तर काय, ते कलम पॉलिसीत वेगळं विकत घ्यावं लागतं. हप्ता थोडा वाढतो. घ्या.

तुमच्या जाऊबाई नुमेआला आहेत, त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये. न्यू कॅलिडोनियाचे कर वेगळे, वर्गणी वेगळी, चलनसुद्धा पॅसिफिक फ्रँक, १,००० फ्रँकला ८.३८ युरो. मे २०२४ च्या दंगलीनंतर तिथे आलेली मदतही वेगळ्या खात्यांतून आली.

शेवटी तुमचा ताळेबंद, मी मांडला असता तसा. यंत्रं ३८,०००. ओटा, फरशी, वीजजोडणी ८,०००. डाळ, पीठ, पिशव्या यांचा साठा ६,०००, कारण बोट चुकली तर दीड महिना माल नाही. घरखर्चासाठी ६,०००. एकूण ५८,०००. समोर तुमचे २०,०००, मानाचं कर्ज ८,०००, बँकेचे ३०,०००. करसवलतीचे १४,५३५ यात कुठेच नाहीत, अनुदानही नाही. मुद्दामच. त्यांच्याशिवाय गणित जुळत नसेल तर यंत्रांतलं पिशव्या भरायचं यंत्र काढून टाका. पहिलं वर्ष हातानं भरा, तुमच्या मापात सहज जमेल. सवलत आली की वेगळ्या खात्यात टाका आणि हात लावू नका. पंचविसाव्या महिन्यात वर्गणीची माफी संपते आणि सेजेसेसचं पहिलं खरं बिल येतं. त्या बिलानं मोडलेली माणसं मी वादळानं मोडलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. राजकोटवाल्याला सीई प्रमाणपत्राची प्रत मागणारी मेल. कारागीर मंडळात नोंदणीपूर्व भेटीची वेळ. अन्नसुरक्षेच्या चौदा तासांच्या प्रशिक्षणाची चौकशी. नुसत्या उत्पादनाला तो दाखला मागत नाहीत, पण उद्या टेबलं मांडलीत तर मागतील. आणि विक्रेत्याचा दव्ही आला असेल तर तो फाइलमध्ये ठेवा, पेन लांब ठेवा. रेजियोंची पोच आली की मला तारीख कळवा, मग पुढचं बघू.